चाकू लावला की कॅन्सर पसरतो?

"चाकू लावू नका, हवा लागली की पसरतो." शेजारच्या खुर्चीवरून सल्ला आला आणि त्या बाईंनी हातातला बायोप्सीचा कागद चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला. त्या घड्या काही केल्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

हवेने कॅन्सर पसरत नाही. पोट उघडल्यावर स्कॅनमध्ये न दिसलेल्या बारीक गाठी कधीकधी सापडतात. त्या आधीपासूनच तिथे असतात. घरच्यांना मात्र वाटतं, ऑपरेशनमुळेच पसरला.

पण ही भीती नुसती झटकूनही टाकू नये. बायोप्सीत, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढताना, सुई जिथून जाते त्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजू शकतात, क्वचितच, पण रुजतात. म्हणून सार्कोमामध्ये, म्हणजे हाड, स्नायू, चरबी अशा भागांतल्या कॅन्सरमध्ये, सुई पुढच्या ऑपरेशनच्या छेदाच्या रेषेतच घालतात आणि ती वाट गाठीबरोबर कापून काढतात. वृषणात कॅन्सरचा संशय असेल तर अंडकोशातून सुई घालत नाहीत. जांघेत छेद घेऊन अख्खं वृषण काढतात.

पद्धतीनेही फरक पडतो. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरवरचा 2018 मधला मोठा अभ्यास बघा. साडेचार वर्षांनी आजारमुक्त राहिलेल्या बायका, पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर 96.5 टक्के, दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशननंतर 86. हा आकडा त्याच कॅन्सरपुरता, सगळ्या दुर्बिणीच्या ऑपरेशनांना लावायचा नाही.

सर्जनना विचारा ना: गाठ न फुटता अख्खी निघेल का? भोवतीची निरोगी कड किती घेणार? दुर्बिणीतून असेल तर पिशवीत भरून काढणार का?

तो कागद त्या बाई पुन्हा उघडतील का?