चिखलाचा पंचनामा

तलाठ्याला पंचनामे नवीन नसतात. पडलेलं घर, वाहून गेलेली शेती, वीज पडून मेलेलं जनावर, फुटलेली होडी. प्रत्येकाला रकाना आहे, दर आहे, फॉर्म आहे. ऑगस्ट २०१० मध्ये उरण तालुक्यातल्या माझ्या सजात, म्हणजे माझ्याकडे नेमून दिलेल्या गावांत, जे आलं, त्याला रकाना नव्हता.

७ ऑगस्टला, शनिवारी सकाळी, न्हावा-शेवा बंदरातून बाहेर पडणारं ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबई बंदरात येणारं ‘खलिजिया-३’ ही जहाजं मुंबईच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली. ‘चित्रा’ इतकं कललं की डेकवरचे कंटेनर सुटून समुद्रात पडायला लागले. बाराशेहून जास्त कंटेनर होते, काहींत कीटकनाशकं होती. शिवाय जहाजाच्या टाक्यांत अडीच हजार टनांहून जास्त इंधन तेल. त्यातलं सुमारे ८०० टन समुद्रात सांडलं.

वारा पावसाळ्याचा, म्हणजे थेट आमच्या अंगावर येणारा. त्यात १० तारखेला अमावस्या. खाडीकाठच्या माणसाला पुढचं सांगायला लागत नाही. अमावस्येनंतरच्या उधाणाला पाणी एरवी पोहोचत नाही तिथपर्यंत चढतं. तेल त्या पाण्याबरोबर आत आलं, तिवरांच्या बुंध्यापर्यंत, खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, खारबंदिस्तीच्या, कडेपर्यंत. बांधाच्या आत नुकती लावणी झालेला भात होता, म्हणून शेतकऱ्यांनी बांधातल्या उघाड्या, म्हणजे पाणी सोडायची दारं, रातोरात मातीच्या पोत्यांनी बुजवल्या. ओहोटी लागली की चिखलावर काळा-तपकिरी चिकट थर उरायचा आणि डांबराचा वास थेट गावातल्या चुलीपर्यंत यायचा.

११ तारखेला मंत्र्यांचा दौरा ठरला. निरोप आदल्या रात्री आला. सकाळपासून गावात गाड्या सुरू झाल्या. महसूलचे साहेब, मत्स्यव्यवसायचे, वन खात्याचे, तटरक्षक दलाचे एक अधिकारी, आणि सर्व पक्षांचे कार्यकर्ते. मी आणि आमचा कोतवाल गावातली वाट दाखवायला.

दहाच्या सुमारास एका पुढाऱ्याने टेम्पो भरून तरुण पोरं आणली. हातात बादल्या, खराटे, घमेली, आणि कपडे धुण्याची पावडर. साहेब यायच्या आत तिवरं धुऊन काढायची, असं ठरवून आलेली. पोरं मनापासून आली होती. पाण्याजवळ वाढलेल्या पोराला ते काळं झालेलं झाड बघवत नाही. वनपालांनी त्यांना बांधावरच अडवलं आणि समजावलं. तिवराच्या बुडाशी चिखलातून खुंटासारखी वर आलेली मुळं असतात, झाड त्यांतून श्वास घेतं. तेलाने ती छिद्रं बुजली आहेतच, पण पन्नास माणसं त्या चिखलात नाचली तर वरचं तेल हातभर खाली जाईल आणि मग ते भरतीनेही निघणार नाही. पावडरने तर उरलेले किडे-खेकडेही मरतील. पोरांना मग वाळूच्या पट्ट्यावर पाठवलं, तिथलं तेल फावड्याने वरच्यावर उचलून पोत्यात भरायला. एका कार्यकर्त्याने जेसीबीही मागवला होता. तो आलाच नाही, ते बरं झालं. जेसीबी चार बोटं तेलासाठी दोन फूट वाळू नेतो, आणि चाकांखाली उरलेलं तेल पुरतो.

हे मी लांबण लावून सांगतोय, कारण संकटात पुढाऱ्यावर ‘काहीतरी करून दाखवा’ हे दडपण किती असतं ते मी त्या दिवशी जवळून पाहिलं. लोक विचारतात, पत्रकार विचारतात, आणि थांबणं हेच बरोबर काम आहे असं सांगायची कुणाची हिंमत होत नाही. आकाशातून हेलिकॉप्टर तेलावर औषध फवारताना सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. सरपंचांनी भर लोकांत विचारलं, “मुंबईसमोर फवारता, मग आमच्या खाडीत का नाही?” तटरक्षक दलाच्या अधिकाऱ्याने शांतपणे उत्तर दिलं. ते औषध तेल नाहीसं करत नाही, त्याचे बारीक थेंब करून पाण्यात मिसळतं. खोल समुद्रात ते विरतं. कमरेएवढ्या पाण्याच्या खाडीत तेच थेंब माशांच्या अंड्यांत, कालवांत जातात. लोकांना उत्तर आवडलं नाही, पण पटलं. राजकीय माणसाने हेच उत्तर दिलं असतं तर पटलं असतं का, मला शंका आहे.

मंत्री भर दुपारी, उधाणाची भरती टोकाला असताना आले. बांधावर उभे राहिले, तेल पाहिलं, हाताने एक फांदी धरून काळा झालेला पंजा सगळ्यांना दाखवला. मग मच्छीमार सोसायटीच्या शेडमध्ये बैठक. सोसायटीच्या चेअरमननी निवेदन दिलं, प्रत्येक बोटीमागे नुकसानभरपाईची मागणी. मंत्री म्हणाले, पंचनामे तातडीने करू, कोणीही वंचित राहणार नाही. टाळ्या वाजल्या.

मागून एक बाई उठली. वय साठच्या पुढचं, लुगडं चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेलं. ती म्हणाली, “साहेब, होऱ्या तं वर शाकारलेल्या हान. रोज चिखलान आमी उतरताव. आमचा नाव कनच्या कागदान?”

शेडमध्ये एकदम शांतता झाली, कारण तिने म्हटलं ते अक्षरशः खरं होतं. यांत्रिक बोटींना पावसाळी बंदी चालू होती. बोटी किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या होत्या. त्यांचा हंगाम सुरू व्हायचा होता, आणि तेलाने तो बुडाला असता तर त्यांचंही नुकसान मोठं होतं, ते मी नाकारत नाही. पण त्या आठवड्यात, त्या दिवशी, ज्यांच्या हातातला पैसा गेला ते लोक पायी जाणारे होते. निवट्या पकडणारे, चिंबोऱ्या काढणारे, पाग म्हणजे हाताने फेकायचं जाळं टाकणारे, आणि कालवं-खुबे वेचणाऱ्या बायका. तेही ऐन गटारीच्या आठवड्यात, जेव्हा खाडीच्या मासळीला वर्षातला सगळ्यात चांगला भाव असतो. वरून प्रशासनाने मासळी खाऊ नका असा इशारा दिलेला. इशारा योग्यच होता, पण त्याने तेल न लागलेल्या भागातली मासळीही बाजारात पडून राहिली.

मंत्र्यांनी मागे वळून विचारलं, “यांचं काय?” एका वरिष्ठ अधिकाऱ्याने हळू आवाजात सांगितलं, “सर, ही बाब निकषांत येत नाही.” तेही खरंच होतं. आपत्ती मदतीच्या यादीत पूर, चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, गारपीट, टोळधाडीसारखी कीड हे सगळं होतं. जहाजातून सांडलेलं तेल नव्हतं. आणि उद्या ते यादीत आलं असतं तरी मदत द्यायची कुणाला? बोटीची नोंदणी असते, जाळ्याची पावती असते, शेतीला सात-बारा असतो. ओहोटीला मोकळा होणारा चिखल कुणाच्याच नावावर नसतो.

मी बैठकीत बोलायचं नसतं. पण तिथे माझ्याइतकं गाव ओळखणारा सरकारी माणूस दुसरा नव्हता, म्हणून बोललो. “सर, यांची यादीच नाही, म्हणून निकषाचा प्रश्न येतो. यादी करायला सांगा, मी आज करतो.” मंत्री म्हणाले, “करा.” एवढंच. गाड्या पुढच्या गावाला गेल्या.

पाणी उतरायला लागलं तसे आम्ही कामाला लागलो. नुसतं घरोघर जाऊन ‘तुम्ही चिखलात जाता का’ विचारलं असतं तर अख्खं गाव हो म्हणालं असतं, आणि त्यात लोकांची चूक नसते. म्हणून प्रत्येकीला विचारलं, कुठल्या बाजूला जाता, कशाने काढता, किती वाजता पाणी मोकळं होतं, माल कोणाला देता, शेजारी कोण असते. खोटं सांगणाऱ्याला ओहोटीची वेळ सांगता येत नाही. ती बाई माझ्याबरोबर होती. कुठली विधवा कुठल्या खाजणात जाते, कुठली सून बाळंतपणामुळे यंदा गेली नाही, हे तिला तोंडपाठ होतं.

खरा आधार मिळाला तो एका वहीचा. गावातली एक बाई सगळ्यांचा माल घेऊन उरणच्या बाजारात बसायची. तिची सून शिकलेली, ती रोजचा हिशेब शाळेच्या वहीत लिहायची. कोणी किती वाटे कालवं दिली, कोणाची किती चिंबोरी, कोणाचे पैसे बाकी. गटारीच्या आधीच्या आठवड्यात पानंच्या पानं भरलेली होती, आणि ८ ऑगस्टनंतर एकही नोंद नव्हती. नोकरीत पाहिलेला इतका स्पष्ट पुरावा मला दुसरा आठवत नाही. मी त्या पानांच्या प्रती काढून घेतल्या, पंचांच्या सह्या घेतल्या आणि पंचनाम्याच्या फॉर्मवर ‘पिकाचा प्रकार’ या रकान्यात ‘खाडीतील पायी मासेमारी व शिंपले वेचणे’ असं लिहिलं. शेवटच्या घरातून निघालो तेव्हा रात्र झाली होती.

यादी वर गेली. काही महिन्यांनी ‘निकषांत तरतूद नाही’ असा शेरा घेऊन परत आली. त्या बायकांना या यादीवरून एक रुपयाही मिळाला नाही.

नंतर कायदा थोडा पुढे सरकला. सांडलेलं तेल ‘चित्रा’चा माल नव्हता, तिचं स्वतःचं इंधन होतं. तेलवाहू टँकरसाठीचा भरपाईचा करार तिला लागूच नव्हता. जहाजाच्या स्वतःच्या इंधनाची जबाबदारी मालकावर टाकणारा, विमा सक्तीचा करणारा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. राज्यांना आपत्ती निधीतला १० टक्क्यांपर्यंतचा भाग स्थानिक आपत्तींसाठी वापरायची मुभाही नंतरचीच. मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्यासमोर ‘एमएससी एल्सा ३’ बुडालं, तेव्हा तिथल्या सरकारने काही दिवसांतच ती राज्य आपत्ती जाहीर केली. बाधित जिल्ह्यांतल्या मच्छीमार कुटुंबांना १,००० रुपये आणि ६ किलो तांदूळ द्यायचं ठरवलं, आणि उच्च न्यायालयात जहाजाविरुद्ध ९,५३१ कोटींचा दावा लावला. १,००० रुपये थोडे आहेत. पण बांधावर उभं राहून दिलेल्या आश्वासनापेक्षा आपत्ती जाहीर करणारी ती अधिसूचना मला मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे खालच्या माणसाला पैसे देण्याचा अधिकार मिळतो.

तरी वेचणाऱ्या बाईचा प्रश्न जिथल्या तिथेच आहे. विमा कंपनी असो की न्यायालय, तुम्ही काय कमवत होता याचा पुरावा मागणारच, आणि तो तेल यायच्या आधीचा लागतो. म्हणून निवृत्तीनंतर मी ती जुनी यादी घेऊन ग्रामसभेत गेलो. पायी मासेमारी करणाऱ्यांचं रजिस्टर ग्रामपंचायतीने ठेवावं, दर वर्षी गटारीच्या आधी ते वाचून दाखवावं, असा ठराव मांडला. ठराव झाला. रजिस्टर सुरू आहे. पाग टाकणाऱ्या पुरुषांना त्यात घ्यायचं की ते आधीच सोसायटीचे सभासद आहेत म्हणून वगळायचं, यावर मागच्या सभेत बराच वाद झाला. माझं मत घ्यावं असं आहे, कारण सभासद असले तरी त्यांच्या नावावर बोट नाही. त्या म्हाताऱ्या बाईच्या नातसुनेचं मत वेगळं आहे. पुढच्या सभेत मतदान आहे.