नाणेघाटात जमा कुठाय?

उलटा धबधबा, म्हणजे वाऱ्यानं पाणी वर उडतं तो, दाखवतो म्हणून पुण्याहून चौतीस माणसं आणली होती आणि नाणेघाटात धुकं असं, की पुढच्याची छत्री दिसेना. नानाच्या अंगठ्याकडे, त्या कड्याकडे, मी कुणाला सोडलंच नाही, तिथून खाली थेट कोकण. "वारा सुटला की मोकळं होईल," म्हणत अर्धा तास काढला. वारा सुटला, तोही आणखी धुकं घेऊन. मग कुणीतरी पैसे किती परत मिळणार ते विचारलं. तेव्हा सगळ्यांना खिंडीतून खाली लेण्यात उतरवलं.

एरवी या लेण्याला माझी सात-आठ मिनिटं ठरलेली. कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल याच वाटेनं जुन्नर, पैठणकडे जायचा. सातवाहनांचा हा दोन हजार वर्षांपूर्वीचा टोलनाका. भिंतीवर ब्राह्मी लिपीत जकातीचे दर. टोलनाका म्हटलं की लोक हसतात. हसले की निघायचं.

त्या दिवशी निघून जाणार कुठे? एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले एक काका भिंतीशी उभे होते. म्हणाले, "दर लिहिलेत म्हणता, मग बैलामागं किती? गाढवामागं किती?"

"अक्षरं झिजलीत काका."

"एवढी सगळी?"

"दर नाहीयेत हो दादा यात," मागून एक मुलगी म्हणाली. लिपीचा वर्ग केलेली. कान गरम झाले माझे. दर रविवारी दोन बॅचना मी हेच सांगत होतो, आणि मला ते आधीच्या लीडरनं सांगितलं होतं.

तिनं मोबाईलची बॅटरी भिंतीला अगदी चिकटवून तिरकी धरली. समोरून उजेड पाडला तर दगड नुसता पांढरा दिसतो. बाजूनं पाडला की प्रत्येक अक्षरात सावली भरते आणि ओळ उठून येते. इतकी वर्षं मी समोरून पाडत होतो. हात न लावता तिनं दाखवलं : दोन्ही भिंतींवर मिळून वीस ओळी, नागनिका राणीचा लेख, सुरुवातीला देवांना नमन आणि मग केलेले यज्ञ, प्रत्येक यज्ञाची दक्षिणा. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन. हजाराचं चिन्ह इंग्रजी टीसारखं. ते कळल्यावर लोक टी शोधायलाच लागले, आणि तो जागोजाग सापडतो. एका यज्ञाला 1,101 गाई, एका ठिकाणी 10,001.

"म्हणजे वरचा एक तेव्हापासून आहे होय!" एक आजी म्हणाल्या. आहेराच्या पाकिटावरचा रुपया त्यांना तिथे भेटला.

मागच्या भिंतीत पुतळे होते, आता फक्त पायांच्या खुणा उरल्यात. वर नावं आहेत. ती वाचत गेली : सिमुक सातवाहन, मग नायनिका, म्हणजे तीच नागनिका, आणि सातकर्णी, कुमार भायल... पुढे "महारठि" आलं तेव्हा दोघातिघांनी फोटो काढले.

कंडक्टर काका मात्र आकड्यांपाशीच. 24,400 कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी, ऐकल्यावर त्यांनी मान हलवली. "हे सगळं खर्ची पडलेलं. जमा कुठाय?"

"वर, जकात टाकायच्या दगडी रांजणात," मी म्हटलं. तेवढं तरी अजून माझ्या हातात होतं. त्यातही "असं सांगतात" हे शब्द त्या दिवशी मी पहिल्यांदा जोडले.

पैशांचा विषय पुन्हा निघाला तो जुन्नरला मिसळ खाताना. शंभर-शंभर रुपये परत केले. आजींनी एक रुपया वर मागितला.

त्याआधी, वर चढून आलो तेव्हा काका सरळ रांजणापाशी गेले आणि आत वाकून बघितलं. पावसाचं पाणी होतं, त्यावर वेफर्सचं रिकामं पाकीट. छत्रीची वाकडी मूठ आत घालून ते त्यांनी ओढून काढलं, निथळलं, घडी केलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं, तिकिटाचं अर्धं ठेवावं तसं.