बामणोलीहून वासोट्याला जाताना टायटनविषयी

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारावरून पुढे गेले की रस्ता बामणोलीकडे उतरू लागतो आणि कोयना धरणाचा शिवसागर जलाशय समोर पसरतो. वासोट्याला जाण्यासाठी इथूनच बोट घ्यावी लागते. वन विभागाची परवानगी काढून आम्ही धक्क्यावर आलो. सोबत माझी भाची होती. ती सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकी शिकते, आणि टायटन पाणबुडीच्या दुर्घटनेवर तिला वर्गात सादरीकरण करायचे असल्यामुळे साताऱ्यापासून आमचे बोलणे त्याच विषयावर चालले होते.

बोटवाल्या मामांनी इंजिन सुरू करण्याआधी प्रत्येकाच्या जाकिटाचा पट्टा स्वतः ओढून पाहिला. फोटोपुरते जाकीट काढू द्या, असे एक तरुण म्हणाला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "काढायचं आसंल तर आत्ताच उतरा. मधी गेल्यावर तुमची जबाबदारी माझ्यावर हाय." तो मुकाट्याने बसून राहिला. मला मामांचे हे वागणे फार मोलाचे वाटले, कारण टायटनमध्ये नेमका हाच अधिकार बाहेरच्या कोणाच्याही हाती नव्हता.

१८ जून २०२३ रोजी टायटॅनिकचे अवशेष पाहण्यासाठी उतरलेली ही पाणबुडी पाचही जणांसह नष्ट झाली. ते अवशेष सुमारे ३,८०० मीटर खोल आहेत. दर दहा मीटरला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाने, म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाइतका, वाढतो, म्हणजे तिथे कवचावर त्याच्या सुमारे ३८० पट दाब येतो. "मावशी, गोल कवच असलं की दाब सगळीकडे सारखा वाटला जातो," भाची सांगू लागली. टायटनचे कवच मात्र नळकांड्याच्या आकाराचे होते, तेही कार्बन फायबरचे. हे तंतू ताण उत्तम सोसतात, पण चहूबाजूंनी दाबले गेल्यावर त्यांचे थर एकमेकांपासून सुटू शकतात आणि प्रत्येक फेरीत ही इजा साठत जाते. जुलै २०२२ मधल्या एका फेरीत वर येताना मोठा आवाज झाला होता आणि त्यानंतर कवचावरील संवेदकांच्या नोंदीही बदलल्या होत्या. तरीही कवचाची सखोल तपासणी झाली नाही. उलट ती पाणबुडी कॅनडाच्या कडाक्याच्या हिवाळ्यात उघड्यावर ठेवण्यात आली. अमेरिकी तटरक्षक दलाच्या २०२५ च्या अहवालाने ही दुर्घटना टाळता येण्यासारखी होती, असे स्पष्ट म्हटले आहे.

इतक्या खोल जाण्याचाच अट्टहास चुकीचा, असे मला आधी वाटत होते, पण भाचीच्या बोलण्यातून ते मत बदलले. २०१९ मध्ये 'लिमिटिंग फॅक्टर' ही पाणबुडी मारियाना गर्तेच्या तळाशी, म्हणजे टायटॅनिकच्या जवळपास तिप्पट खोलीवर, पुन्हा पुन्हा जाऊन सुखरूप परतली. तिचे कवच टायटॅनियमचे आणि गोल होते, आणि एका स्वतंत्र वर्गीकरण संस्थेने, म्हणजे जहाजे-पाणबुड्या तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने, ते प्रमाणित केले होते. याउलट मार्च २०२५ मध्ये इजिप्तमधील हुरघाडा येथे किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात पर्यटक पाणबुडी बुडून सहा जण दगावले. आणि आपल्या सांगली जिल्ह्यात, ऑगस्ट २०१९ च्या महापुरात, ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसे घेतलेली बोट उलटली, तो दिवस इथे कोणी विसरलेले नाही. त्या माणसांपुढे दुसरा पर्यायच नव्हता. टायटन चालवणाऱ्या ओशनगेट कंपनीपुढे मात्र प्रमाणपत्र घेण्याचा पर्याय शेवटपर्यंत खुला होता. कंपनीतील डेव्हिड लॉकरिज यांनी २०१८ मध्ये सुरक्षेविषयी शंका मांडल्या, तेव्हा त्यांनाच कामावरून काढण्यात आले.

प्रवाशांकडून संमतिपत्रावर सह्या घेतल्या होत्या आणि त्यात मृत्यूची शक्यता लिहिली होती, म्हणून कंपनीची जबाबदारी संपते, हा युक्तिवाद मला मान्य नाही. कवचाच्या थरांत काय बिघडले आहे, हे प्रवाशाला पाहता येत नाही. ते पाहण्यासाठी जाणता आणि कंपनीच्या पगारावर नसलेला माणूस लागतो. मृतांमध्ये सुलेमान दाऊद हा अवघा १९ वर्षांचा होता, भाचीपेक्षाही लहान, आणि हे आठवले की मला राग आवरत नाही.

भारतही आता या खोलीकडे निघाला आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेची 'मत्स्य ६०००' ही पाणबुडी तीन जणांना ६,००० मीटरपर्यंत नेण्यासाठी तयार होत आहे. तिचे टायटॅनियमचे गोल कवच ८० मिलिमीटर जाडीचे आहे आणि आणीबाणीत ९६ तास तग धरण्याची तिची योजना आहे. २०२५ च्या सुरुवातीला चेन्नईजवळ कट्टुपल्ली बंदरात, अगदी थोड्या खोलीवर, तिच्या चाचण्या झाल्या. एवढा वेळ का लागतो, अशी कुरकूर माझ्या कानावर येते. मला मात्र हा संथपणाच दिलासा देतो, आणि पुढे कधी अशा पाणबुडीत पर्यटकांसाठी जागा विकायच्या ठरल्या, तर त्या तिकिटाबरोबर तपासणीचा अहवालही प्रवाशाच्या हाती पडला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. भाची ही मागणी तिच्या सादरीकरणात घालणार आहे.