घांगरियाची दुपार

उत्तराखंडात शिखांचं डोंगरावरचं तीर्थ आहे, हेमकुंड साहिब. आता वाटेतल्या पुलना गावापर्यंत जीप जाते, चालणं तिथून पुढे. घांगरिया साधारण दहा किलोमीटर, त्यावर हेमकुंड सहा. या सहा किलोमीटरांत हजार मीटरांहून जास्त चढ आहे. वाटेवर पाऊस, लीद आणि मागून ओरडत येणारे खेचरवाले. खेचर आलं की डोंगराला टेकून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही, कारण पाठीवरच्या ओझ्याचा धक्का बसतो. मुखात 'सतनाम वाहेगुरू' आणि पोटात त्या खेचरवाल्यांवरचा राग, दोन्ही सोबतच चढत होतं.

वर सरोवरात स्नान केलं, माथा टेकला, अरदासला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, उभा राहिलो, लंगरची गरम खिचडी खाल्ली. वर मुक्काम करता येत नाही, दुपारीच उतरावं लागतं.

उतरताना पाय बुटात पुढे सरकतो आणि टाचेपेक्षा बोटं जास्त सोलतात. घांगरियाच्या गुरुद्वाऱ्यात, गोविंदधामला, पोचलो तेव्हा दोन्ही अंगठ्यांखाली फोड टरारले होते. चपला-बूट ठेवायच्या जोडाघराच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका वृद्ध बाईंनी, न विचारता, पिशवीतून सुई-दोरा काढला. सुई काडीच्या ज्योतीवर धरली, फोडाच्या कडेला आरपार घातली आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. पाणी दोऱ्यावाटे झिरपत राहतं. "कातडी ओढू नकोस, पुत्तर," एवढंच बजावलं.

"कुठला?"

"महाराष्ट्रातला, बीजी." वयस्क बाईंना तिकडे बीजी म्हणतात.

"भगत नामदेवजींचा!" म्हणाल्या आणि हात जोडले. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचं स्थान आहे. पंढरीची वाट चाललेल्या मला तिथे एकदम घरच्यासारखं वाटलं.

चालता येईना, म्हणून बीजींनी लंगरात पोळ्या लाटायला बसवलं. डोकं झाकलेलं, हात धुतलेले, एवढं झालं की कोणीही सेवेला बसतो. या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. ती आधी भिजवलेली हवी आणि मोठे कुकर हवेत. गारठ्यात कणीक ताठरते, म्हणून कोमट पाण्यात मळून ओल्या फडक्याखाली ठेवतात. माझ्या पोळ्या मधे पातळ, कडेला जाड होत होत्या. तशी पोळी फुगत नाही, मधे करपते आणि कडेला कच्ची राहते. शेजारच्या ताईंनी लाटणं कडेकडेनं फिरवायला लावलं. तिथे पोळीला प्रशादा म्हणतात. पंगतीत बसणाऱ्यानं तो दोन्ही हात पुढे करून घ्यायचा, ताटात उरवायचा नाही. एक पंगत उठली की फरशी पुसायची, पट्ट्या अंथरायच्या, पुन्हा पंगत. कोण बसलंय हे कोणी पाहत नव्हतं. माझा राग कुठेतरी कणकेत गेला असावा.

मागच्या चुलीवर कडाह प्रशाद, म्हणजे कणकेचा शिरा, चालला होता. कणीक, तूप, साखर समान वजनाची. कणीक तुपात तांबूस होऊन तूप सुटेपर्यंत भाजायची, कमी भाजली तर प्रशाद टाळ्याला चिकटतो. पाक उकळताच हवा, गार ओतला की गुठळ्या होतात. करणारा सेवादार सगळा वेळ तोंडानं बाणी, म्हणजे गुरूंची पदं, म्हणत होता आणि उलथणं थांबत नव्हतं.

रहिरास, म्हणजे संध्याकाळचा पाठ, झाली, अरदासनंतर प्रशादाला किरपाण टेकवली आणि तो ओंजळीत आला. सोहिला, म्हणजे रात्रीचा पाठ, झाल्यावर ग्रंथसाहिब रुमाल्यात गुंडाळून डोक्यावरून सुखासनाला, रात्रीच्या विश्रांतीला, नेले, सगळे उभे. मलाही उभं राहता आलं.

पहाटे बीजी आपल्या जथ्याबरोबर वर निघून गेल्या होत्या. त्यांचं नाव विचारायचं राहिलं. मी दोन मोजे चढवले, नाड्या घोट्याशी आवळल्या म्हणजे पाय पुढे सरकत नाही, आणि पुलन्याकडे उतरायला लागलो. खेचरं आलीच. डोंगराला टेकून उभा राहिलो आणि खेचरवाल्याला 'वाहेगुरू' म्हटलं, त्यानंही म्हटलं.