शीर्षकांचे शब्द बदला म्हणे!

एम.लिब.च्या (ग्रंथालयशास्त्राच्या) लघुप्रबंधाला मी 'द इंडियन जर्नल ऑफ पोलिटिकल सायन्स' घेतलं. १९३९ पासूनचं नियतकालिक. जुने अंक जेस्टोर या ऑनलाइन संग्रहात आहेत, लेखांची यादी पटापट झाली. सायटेशन, म्हणजे एखाद्या लेखाचे इतरांनी दिलेले हवाले, मोजायला 'पब्लिश ऑर पेरिश' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते गुगल स्कॉलर या शोधनिबंधांच्या शोधयंत्रावरून आकडे उचलतं. गाईडनी एवढंच बजावलं होतं की दोन वर्षांच्या इम्पॅक्ट फॅक्टरवर (आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना सरासरी किती हवाले मिळाले त्यावर) राज्यशास्त्र जोखू नकोस; इथे लेख उशिरा मुरतात आणि पुस्तकांचे हवाले भरपूर असतात. म्हणून एच-इंडेक्स (निदान २० हवाले मिळालेले २० लेख असतील तर तो २०) काढला, तक्ते केले, बाइंडिंगवाल्याला भावही विचारून आले.

आणि प्लॅजरिझम रिपोर्ट, म्हणजे मजकूर आधी छापलेल्याशी किती जुळतो त्याचा अहवाल, आला. ३४ टक्के! चालतात १० पर्यंत.

एक वाक्य उचललं नव्हतं हो मी! उघडून बघते तर लाल झालेत ते सगळे तक्ते. सर्वाधिक सायटेशन मिळालेले १०० लेख: शीर्षक, लेखक, खंड, वर्ष. ते आधी कुठेतरी छापलेलं असणारच ना? तपासणीच्या खिडकीवरचे साहेब म्हणाले, "मॅडम, थोडे शब्द बदला." शीर्षकांचे? मग लेखकांची आडनावंही बदलते, असं अगदी ओठांवर आलं होतं. पुढच्या खेपेला "जेवणाची वेळ", त्यापुढच्या खेपेला "ऑपरेटर रजेवर". मैत्रीण म्हणाली, तक्ते फोटो म्हणून चिकटव, सॉफ्टवेअरला दिसणार नाहीत. म्हणजे चोरी नसताना लपवाछपवी करायची! नाही केलं.

शेवटी यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) प्लॅजरिझमबद्दलचा २०१८ चा नियम मुळातून वाचला. संदर्भसूची वगळायची असतेच, पण योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही वगळता येतात. माझी बहुतेक शीर्षकं त्याहून आखूड! त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून प्रिंट नेली. साहेबांनी ती दोनदा वाचली, काही न बोलता सेटिंग बदललं. ६ टक्के. दोन मिनिटांचं काम, त्यासाठी माझे १९ दिवस गेले. तुम्ही प्रिंट पहिल्याच दिवशी न्या.

हां, आधी सांगायचं राहिलं. स्कॉलर एका शोधाला १००० च्या वर निकाल देत नाही, तेव्हा एकेक वर्ष घेऊन शोधा. आणि एकाच लेखाच्या दोन-दोन नोंदी निघतात, एकीत नियतकालिकाच्या नावाआधी 'द', दुसरीत नाही. त्या एकत्र करा, मगच एच-इंडेक्स काढा. मी उलटं केलं आणि सगळे तक्ते पुन्हा बसून केले.