प्रियस अपडेट: नवी बॅटरी टाकूनही गाडी मरत होती, चोर अखेर सापडला

मंडळी, सापडलं! आपल्या टोयोटा हायब्रिडचा डीसी-डीसी कन्व्हर्टर (मोठ्या पॅकमधून छोटी 12 व्होल्टची बॅटरी चार्ज करणारा) जिवंत आहे, मोटर चालवणारा मोठा बॅटरी पॅक ठणठणीत आहे, आणि ज्या गाडीला घोडबंदर रोडच्या एका गॅरेजवाल्याने मीटरही न लावता "इन्व्हर्टर गेला, लाखाच्या घरात जाईल" (इन्व्हर्टर म्हणजे पॅकची वीज मोटरला देणारा डबा) असं सांगून टाकलं होतं, तिचं दुखणं एका फ्यूजचं निघालं. गाडी अजून रस्त्यावर आलेली नाही पण कालपासून नीट झोप लागतेय.

गाडी तीच, थर्ड जनरेशन, जिच्या पॅकचा फॅन मागच्या वेळी काढून साफ केला होता. झालं असं की मी गावाला असताना आमच्या सोसायटीतल्या काकांची डिझेल गाडी डाऊन झाली आणि धाकट्या भावाने आपली प्रियस शेजारी लावून जंप दिला, म्हणजे केबलने आपल्या बॅटरीचा करंट त्यांच्या गाडीला दिला. काकांची सुरू झाली, ते ऑफिसला गेले, आणि आपली दहा-पंधरा मिनिटात बंद. ती पण कुठे, तर स्टॅक पार्किंगच्या तोंडाशी. आता ही गाडी साध्या गाडीसारखी न्यूट्रल करून ढकलता येत नाही, गिअरचा दांडा नुसता स्विच आहे, पार्किंग लॉक मोटरने सुटतं, आणि 12 व्होल्ट मेलं की ती मोटर पण मेली. मागे दोन गाड्या अडकलेल्या, सेक्रेटरींचे फोनवर फोन, भाऊ घामाघूम.

बॅटरी मागे डिकीत, डिकीचं बटण इलेक्ट्रिक, म्हणजे तीही उघडत नाही. पण बॉनेट केबलने उघडतं, आणि फ्यूज बॉक्समध्ये लाल टोपीखाली जंपचा टर्मिनल असतो. मी फोनवरून भावाला सांगितलं, घरातल्या यूपीएसची 7 एएचची बॅटरी खाली ने, प्लस त्या टर्मिनलला, मायनस इंजिनच्या उघड्या धातूला. एवढ्याशा बॅटरीवर गाडी रेडी झाली, म्हणजे डॅशवर रेडीचा दिवा लागून चालायला तयार! कारण हिला सेल्फ नाहीच, इंजिन फिरवायचं काम एमजी वन ही मोटर मोठ्या पॅकच्या 201.6 व्होल्टवर करते, छोट्या बॅटरीला फक्त कॉम्प्युटर जागे करायचे, ब्रेकचा पंप चालवायचा आणि पॅकचे रिले ओढायचे. वॉचमनपासून काकूंपर्यंत सगळे बघत होते, गाडी आवाज न करता सरकून जागेवर गेली. हा विजय मी बरेच दिवस पुरवून पुरवून खाणार आहे.

आल्यावर बॅटरी तपासली तर 9 व्होल्टच्या खाली, वयही झालेलं, म्हणून बदलली. इथे जरा बोलायचंय. दुकानदार साधी पाण्याची बॅटरी खपवायला बघतात, "साहेब साइझ बसते ना, झालं तर मग". नाही झालं! ही बॅटरी केबिनच्या आत बसते, गॅस बाहेर न्यायला नळी लागते, म्हणून एजीएमच हवी (आत मोकळं पाणी नसलेली, सीलबंद बॅटरी), व्हेंटचं तोंड हवं, आणि टर्मिनल बारीकवाले हवेत. मी थांबून, जास्त पैसे देऊन एजीएमच घेतली आणि तुम्हालाही तेच सांगेन.

नवी बॅटरी, 12.7 व्होल्ट, बटण दाबलं, रेडी. कोलशेतला एक चक्कर मारून यावं म्हटलं तर माजिवड्यापर्यंत पोचायच्या आत लाल त्रिकोण, मग एसीचा पंखा मंदावला, स्टिअरिंग जड झालं. कडेला घेतली आणि दोन मिनिटात डॅश काळा. कोरी करकरीत बॅटरी आणि तीही रिकामी! त्या दिवशी खरंच डोकं आऊट झालं होतं. टो करून घरी आणली, बॅटरी काढून रात्रभर चार्जरला लावली आणि ठरवलं की आता मीटर बोलेल तेच खरं.

यात अल्टरनेटर नसतो हे आपल्याला माहीत आहे, छोटी बॅटरी चार्ज करायचं काम डीसी-डीसी कन्व्हर्टरचं, तो इन्व्हर्टरच्या डब्यातच बसलेला. रेडीमध्ये 14 च्या आसपास दिसायला हवेत. मागे बॅटरीवर प्रोब लावला, 12.3, आणि बघता बघता 12.2, 12.1. बॉनेटखाली जंप टर्मिनलवर तेच. म्हणजे चार्जिंग शून्य. ओबीडीवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर) पॅकमधल्या सेलच्या चौदाही गटांचे व्होल्ट एका ओळीत, कुठे फरक नाही, तर मोठ्या बाजूला त्रास नाही. इथपर्यंत आलं की बहुतेक जण कन्व्हर्टर गेला म्हणून मोकळे होतात, गॅरेजवाला तर इथपर्यंतही आला नव्हता.

पण कन्व्हर्टरपासून बॅटरीपर्यंत वायर एका दमात जात नाही ना. जाड केबल आधी फ्यूज बॉक्समध्ये येते, तिथे एक मोठी फ्यूजिबल लिंक (जास्त करंटचा पट्टीवाला फ्यूज) लागते, झाकणावर डीसी/डीसी असंच लिहिलंय, आणि मग पुढे सगळीकडे. म्हणून प्रोब लिंकच्या अलीकडे, कन्व्हर्टरच्या बाजूच्या बोल्टला टेकवला. 14.1! पलीकडे 12.0. मी पार्किंगमध्ये एकटाच ओरडलो. कन्व्हर्टर बिचारा काम करतोय, त्याचं काम पुढे पोचतच नाहीये, टाकी भरलेली आणि नळाला पाणी नाही अशी गत. गाडी बंद केली, बॅटरीचा मायनस काढला, मीटर कंटिन्युइटीवर लावला (जोडणी अखंड असली की वाजतो), मीटर गप्प. फोनचा टॉर्च तिरका धरून बघितलं तर लिंकच्या पारदर्शक खिडकीला आतून तपकिरी धुराचा डाग, आणि पट्टी मधोमध वितळून दोन्ही टोकं वेगळी झालेली.

आता ही उडाली कशी? नुसत्या जास्त लोडने उडेल असं मला पटत नव्हतं. भावाला खोदून खोदून विचारलं तेव्हा आठवलं की पहिल्यांदा चिमटा लावला तेव्हा मोठी ठिणगी पडली होती, मग त्याने चिमटे बदलले. काकांच्या गाडीत जाऊन बघितलं, दोन्ही केबलींवर काळी टेप गुंडाळलेली आणि बॅटरीवरच्या खुणा पांढऱ्या-हिरव्या क्षाराखाली गाडलेल्या. कुणाचाही गोंधळ होईल. उलटं जोडलं की कन्व्हर्टरच्या आतल्या डायोडमधून करंट सरळ घुसतो, आणि लिंक उडते ती त्यालाच वाचवायला. म्हणून त्या जळक्या पट्टीवर माझा अजिबात राग नाही. आणि मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की तो लाल टोपीचा टर्मिनल जंप घ्यायला आहे, दुसऱ्या गाडीला द्यायला नाही. डिझेलचा सेल्फ शेकडो ॲम्पिअर मागतो, ही इवलीशी बॅटरी त्यासाठी बनलेलीच नाही.

पुढची अडचण म्हणजे ही लिंक चिमट्याने उपटायचा फ्यूज नाही, सगळ्या मोठ्या लिंकचा एकच ब्लॉक आहे, खालून नट-बोल्टने आवळलेला, आणि ठाण्याच्या पावसाने एक नट असा धरलाय की पाना घसरतोय. रस्ट स्प्रे मारून ठेवलाय, रोज थोडा मारतो, जोर करत नाही, कारण प्लास्टिकचा कान तुटला तर अख्खा बॉक्स बघावा लागेल. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला विचारून झालं, प्रियस म्हटलं की मान हलते. बाहेरून मागवावा लागेल असं दिसतंय. एकाने सल्ला दिला की तांब्याची तार टाकून डायरेक्ट कर. अजिबात नाही! आज ती पट्टी नसती तर इन्व्हर्टरचं बिल खरंच आलं असतं.

खरं तर लिंकच्या ब्लॉकची ऑर्डर आजच टाकणार होतो, पण हे लिहिता लिहिता डोक्यात आलं की मोकळ्या टोकाला 14.1 दिसणं वेगळं आणि कन्व्हर्टरने लोड उचलणं वेगळं. ब्लॉक आला आणि लोडवर व्होल्टेज खाली पडलं तर? म्हणून आधी कार ऑडिओवाले वापरतात तो एएनएल फ्यूज होल्डर आणायचा, त्याच रेटिंगच्या फ्यूजने लिंकची दोन टोकं जोडायची, जागेवरच गाडी रेडी करून हेडलाइट, एसी, मागची काच गरम करायची जाळी सगळं चालू, आणि केबलभोवती करंट मोजायला क्लॅम्प मीटर. फक्त टेस्टपुरतं, त्यावर गाडी बाहेर काढायची नाही. 13.8 च्या वर टिकलं तर त्याच दिवशी ऑर्डर. क्लॅम्प मीटर घ्यायला लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर डीसी ॲम्पिअर मोजतो का ते बघूनच घ्या, स्वस्तातले बरेचसे फक्त एसी करंट (घरच्या विजेसारखा) मोजतात आणि आपल्या कामाला शून्य उपयोग.

सोबत लिथियम जंप स्टार्टर पण बघतोय, उलट्या जोडणीला आपोआप कटऑफ असलेला. काका अर्धे पैसे द्यायला तयार आहेत, तो वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवायचा म्हणजे सोसायटीत कुणालाच दुसऱ्याची गाडी शेजारी लावायला लागणार नाही.

थर्ड जनरेशनवर हा ब्लॉक कुणी काढलाय का? बॉक्स पूर्ण सुटा करावा लागतो की क्लिपा काढून तिरका केला तरी खालून दहाचा पाना बसतो? आणि तो जाम नट, त्याला गरम हवेची गन चालेल की शेजारचं प्लास्टिक वाकेल?