सेंट अँथनी आणि चुकलेली दिंडी

२०२३ साली दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामी असताना १३ जूनचा मंगळवार आला. आमच्या घरी तो सेंट अँथनीचा सण. तुकोबा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, माउली भवानी पेठेत, आणि आमचं सिटी चर्च तिथून जवळच, क्वार्टर गेटला. सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर. या सणाला गरिबांना पाव वाटतात. चर्चमधली मिस्सा झाल्यावर आईने पावांची पिशवी सरळ वारकऱ्यांत नेली. पन्नास पाव, दहा मिनिटांत साफ.

आमच्या संतांचे सण तारखेला बांधलेले, वारी तिथीवर. त्यामुळे वाटेत दरवर्षी वेगळा संत भेटतो. त्या वर्षी आषाढीसुद्धा २९ जूनला, म्हणजे पीटर-पॉलच्या सणालाच आली.

बुधवारी पहाटे मी माउलींबरोबर सासवडला निघालो. पावसाचा पत्ता नाही, डांबर नुसतं तापलेलं. हडपसरला तुकोबांची वाट लोणीकडे वळली. पुढे वडकीला एक मावशी रस्त्याच्या कडेला रडवेल्या बसलेल्या. दिंडी पुढे गेली होती आणि नंबर आठवेना. "रथामागची हाय एवढंच ठावं, लेकरा."

हरवलं की अँथनीला हाक मारायची, ही लहानपणाची सवय. किल्ली असो की चष्मा. पुटपुटलो. मग सुचलं, "मावशी, पिशवीत कागद-बिगद आहे का?" पिशवीत धोतराच्या फडक्यात बांधलेली दशमी, तंबाखूची डबी, नि तळाला घामाने मऊ झालेलं ओळखपत्र. त्यावर दिंडीचा नंबर आणि विणेकऱ्यांचा फोन. (चमत्कार वगैरे म्हणणार नाही, कागद तिथेच होता.)

फोन लागला. माणूस येईपर्यंत मावशींनी अर्धी दशमी माझ्या हातावर ठेवली.

"मघाशी कुणाचं नाव घेतलंस?"

"सेंट अँथनी. इटलीतल्या पादुआचे. काल त्यांचा दिवस होता."

"जल्माचा?"

"नाही. देह ठेवल्याचा. १२३१ साली."

संतांचे सण बहुतेक असेच, मृत्यूच्या दिवशी. जन्मदिवस पाळायचा मान बाप्तिस्मा करणाऱ्या योहानासारख्या एखाद्यालाच, २४ जूनला. मावशींना हे समजवावं लागलं नाही. तुकोबांच्या वैकुंठगमनाची बीज त्यांना पाठ.

"मग माउलींच्या आधीचे," त्या म्हणाल्या.

मी हिशेब केला. माउलींचा जन्म १२७५ चा. बरोबर होतं.

"तिकडं वारी असती का रं?"

उत्तर देणार तोच त्यांचा माणूस आला. घाट समोर होता. मावशी माझ्या आधी उठल्या.